पाटीवरचं ‘मार्गे’

श्रोतेहो, समजा पुण्याच्या एसटी स्टँडवर महाडची गाडी लागली आहे. भोरला उतरायचं असलेला माणूस नुसतं ‘महाड’ वाचून आत चढत नाही. पाटीवर ‘मार्गे भोर’ आहे की ‘मार्गे ताम्हिणी’, हे तो आधी बघतो. नसेल लिहिलेलं, तर कंडक्टरला गाठतो.

शाळेच्या वहीत मात्र हे ‘मार्गे’ बहुधा गायब असतं. सहावीतलं मूल जलचक्राचं संकल्पनाचित्र काढतं : समुद्र, वाफ, ढग, पाऊस. चार गोल, तीन बाण, कडेने निळा खडू. बाई ‘छान’ असा शेरा मारतात आणि वही परत जाते. त्याऐवजी वाफ आणि ढग यांच्या मधल्या बाणावर काहीतरी लिहायला सांगून बघावं. मूल लिहितं, ‘वर जाऊन साठते’. गोम इथेच आहे! त्याच्या लेखी ढग म्हणजे वर कोंडलेली वाफ. खरं तर पाण्याची वाफ डोळ्यांना दिसतच नाही. ती थंड होऊन तिचे बारीक जलकण होतात, तेव्हा कुठे ढग दिसतो. चार गोल कितीही सुबक काढले असते, तरी ही चूक कुणाला सापडली नसती.

संकल्पनाचित्राचा जन्मच मुळी असल्या शोधातून झाला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांच्या विज्ञानाच्या समजुती तपासत होते. हे काम बारा वर्षं चाललं. मुलाखतींच्या ढिगातून कुणाच्या डोक्यात काय बदललं ते नीट हाती लागेना, म्हणून १९७२मध्ये त्यांनी ही आकृती तयार केली. पाया डेव्हिड ऑसुबेल यांच्या विचाराचा : नवं ज्ञान आधीच्या ज्ञानात गुंतलं, तरच अर्थपूर्ण होतं. नोव्हाक यांच्या आकृतीत जोडरेषेवर शब्द हवाच. गोल, रेषा, गोल असं वाचत गेलं की वाक्य व्हायला पाहिजे. वाक्य चुकलं, तर दुरुस्त तरी करता येतं. मुक्या बाणाचं काय दुरुस्त करणार? म्हणून पुन्हा सांगायला हवं, बाण मुका ठेवू नये.

महाराष्ट्रातल्या कृतिपत्रिकांमध्ये आकृत्या आहेत, पण चौकटी छापूनच येतात. मुलांनी रिकाम्या जागा भरायच्या. गाइडात तर भरलेल्या चौकटीही मिळतात. पाटी दुसऱ्याने रंगवलेली, घाट दुसऱ्याने ठरवलेला, मुलाने फक्त तिकीट फाडून घ्यायचं. गुण मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही.

आणखी एक खोड म्हणजे पुस्तक उघडं ठेवून चित्र काढणं. पर्ड्यू विद्यापीठाच्या जेफ्री कार्पिक आणि जानेल ब्लंट यांनी २०११मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना समुद्री पाणमांजरांवरचा उतारा दिला होता. काहींनी तो समोर ठेवून संकल्पनाचित्र काढलं. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं, परत वाचलं, परत लिहिलं. आठवड्याने चाचणी झाली, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. चित्रवाल्यांना हे चांगलंच झोंबलं. पण २०१४मध्ये याच दोघांनी उतारा न बघता चित्र काढायला लावलं, तर आठवून लिहिण्याइतकाच लाभ दिसला. पुस्तक मिटायचं, मग पेन्सिल उचलायची. आणि बाणावर शब्द, हे राहिलंच!

स्टुडिओतला लाल दिवा लागला. म्हणजे मिनिटभरच उरलं. चित्राच्या दोन दूरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या आडव्या रेषांबद्दल बोलायचं होतं. जलचक्रात सूर्याला किती मुलं जागा देतात, आणि दिलीच तर त्याचा बाण नेमका कुठे... असो, ते पुन्हा कधीतरी. आज रात्री घरात विज्ञानाची वही उघडेल, तेव्हा आईबाबांनी कुठल्याही एका बाणावर बोट ठेवून एवढंच विचारावं, ‘ही गाडी कुठल्या मार्गे जाते रे?’