ठसा कोणाचा?

पितळी तांब्यावर नाव असतं, पण ते तांबटाचं नसतं. काठाखाली टिंबाटिंबांनी घातलेलं ते नाव असतं ज्याच्या लग्नात तांब्या आला त्याचं, नाहीतर ज्यानं तो आहेर केला त्याचं. घडवणाऱ्याची खूण शोधायला जावं तर नुसते ठोके सापडतात. मराठी घरात हे कोणाला सांगावं लागत नाही. पण तोच माणूस जुन्या बाजारात ताडपत्रीवर मांडलेला गंजका रंधा उचलतो, त्यावर चार इंग्रजी अक्षरं दिसतात आणि लगेच निकाल देतो: हा अमक्या कंपनीचा!

त्या चार अक्षरांत चकवे बरेच. जुन्या विलायती पटाशीवर किंवा रंध्याच्या पात्यावर 'कास्ट स्टील' हे शब्द सर्रास असतात. ते कारखानदाराचं नाव नव्हे, पोलादाची जात आहे. डॉनकास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला स्प्रिंगांसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं. १७४०च्या दशकात शेफील्डजवळच्या हँड्सवर्थला त्यानं मुशीत पोलाद पुरतं वितळवून ओतायची रीत बसवली. हे पोलाद धार धरी, म्हणून पुढे शंभर-दीडशे वर्षं ज्याला त्याला आपल्या मालावर ते शब्द हवे झाले. 'कास्ट' म्हटलं की आपल्याकडे बीड आठवतं. इथे बिडाचा काही संबंध नाही.

करवतीच्या मुठीतला पितळी बिल्ला असाच फसवतो. त्यावर 'वॉरंटेड सुपीरियर' असं ऐटीत लिहिलेलं असतं. या नावाचा कोणी कारागीर झाला नाही. 'उत्तम मालाची हमी' एवढाच त्याचा अर्थ, आणि असे बिल्ले वेगवेगळ्या कारखान्यांच्या करवतींवर बसत. स्वतःचं नाव मिरवायचं नाही अशा दुय्यम मालावर, किंवा दुकानदाराच्या नावानं विकायच्या करवतीवर तो हमखास. याउलट फिलाडेल्फियाच्या हेन्री डिस्टनचा बिल्ला बोलका आहे. १८४० साली त्यानं धंदा मांडला. १८६५ला नावापुढे 'अँड सन' लागलं, १८७१ला 'अँड सन्स'. एका मुलाचे अनेक झाले की करवतीचं वय कळतं. मूठ बदललेली असेल तर मात्र वय मुठीचं कळतं, पात्याचं नाही.

मुळात नाव घालायची गरज पडते ती परक्या गिऱ्हाइकासाठी. गावच्या लोहारानं केलेला विळा कोणाचा हे गावाला माहीत असे. बलुत्यावर चालणाऱ्या कामाला ठसा कशाला? शेफील्डचा माल समुद्रापार जाई, तिथे ठसा म्हणजेच पत. म्हणून १६२४ साली इंग्लंडच्या संसदेनं कायदा करून तिथल्या हत्यारकारांचा संघ स्थापला आणि कोणाची खूण कोणती याची नोंद त्याच्या हाती दिली. पत आली की नक्कलही आली. परदेशी सुऱ्यांवर शेफील्डचं नाव ठोकून विकणं बोकाळलं, आणि १८८७चा मालचिन्हांचा कायदा यायला ही ओरडही कारण झाली. अमेरिकेनं १८९०च्या जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. तेव्हा 'इंग्लंड' हा शब्द दिसला तर अवजार बहुधा त्यानंतरचं. नाही दिसला म्हणून ते जुनंच, असं उलटं गणित मांडता येत नाही. घरच्या बाजारात विकायच्या मालावर देश कशाला घालतील?

आता लोखंडी रंधा जवळून पाहू. पुढच्या बाजूला 'बेली' हे नाव बिडातच ओतलेलं. लेनर्ड बेली बॉस्टनचा. पातं खालीवर करायला चाकी आणि रंध्याची आजची एकूण घडण, ही बरीचशी त्याची करणी. १८६९ला त्याची पेटंटं न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ली कंपनीनं घेतली. पुढे दोघांचं फाटलं, बेलीनं स्वतःचे वेगळे रंधे काढले, तरी स्टॅन्लीच्या रंध्यावरून त्याचं नाव हललं नाही. १९०५ला तो वारला. स्टॅन्लीनं शेफील्डचा एक कारखाना घेतला तो १९३६ला. तिथे झालेल्या रंध्यांवरही 'मेड इन इंग्लंड'बरोबर बेली आहेच.

म्हणून नावापेक्षा तारखा पाहाव्यात. पातं ज्या तिरक्या बैठकीवर टेकतं तिच्या मागे, बिडात, पेटंटच्या तारखा असतात. दोन तारखा १९०२च्या आणि तिसरी १९ एप्रिल १९१०ची असेल, तर तो रंधा साधारण १९१० ते १९१८मधला. नंतर शेवटची तारीख तेवढी राहिली. पण याच रंध्याच्या पात्यावर बदामाच्या आकृतीत 'एस. डब्ल्यू.' ही अक्षरं निघाली तर? ती खूण १९२०नंतरची, 'स्टॅन्ली वर्क्स'ची. बदाम हा विल्यम हार्ट या अध्यक्षाच्या आडनावावरचा श्लेष. म्हणजे पातं झिजलं, सुतारानं नवं आणून बसवलं. त्यात फसवणूक कसली? रंधा कामाला होता, एवढंच. पण विकणारा पात्यावर बोट ठेवून वय सांगायला लागला की बिडाकडे बघावं.

हे सगळं गंजाखालून वाचायचं असतं, आणि तिथेच पुष्कळजण घात करून बसतात. घरी आणला की पॉलिश पेपर घेऊन घासायचं. मग पातं लखलखतं आणि ठशाची उरलीसुरली अक्षरं भुकटीत जातात. त्यापेक्षा रॉकेलचा बोळा फिरवावा, एक रात्र जाऊ द्यावी आणि मऊ फडक्यानं पुसावं. दिवा समोरून न धरता अगदी आडवा धरावा, म्हणजे खोलगट अक्षरांत सावली भरते. एवढ्यानंही भागलं नाही तर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल हलकेच फिरवावी. शिलालेखाचा ठसा घेतात, त्यातलाच हा घरगुती प्रकार.

लाकडी रंध्यांची तऱ्हा निराळी. त्यांचं नाव पुढच्या टोकाला, जिथे लाकडाचे रेषे आडवे कापलेले दिसतात तिथे. एकाच रंध्यावर तीन-तीन नावंही सापडतात, आणि इथे तांब्याचा न्याय लावायचा. मधोमध, नीट, एकदाच ठोकलेलं नाव बहुधा करणाऱ्याचं. तिरकं, दोन्ही टोकांना, पुन्हापुन्हा ठोकलेलं नाव मालकाचं. कारखान्यात दहाजणांची अवजारं एका ठिकाणी पडलेली, चोरीची धास्ती. डब्ल्यू. एल. गुडमन यांनी १९६८ साली ब्रिटिश रंधेकारांची नावं आणि ठसे गोळा करून पुस्तकच काढलं. ठसा पुसटच असेल तर लाकूड मदतीला येतं: इंग्रज रंधेकार बीच वापरत, न्यू इंग्लंडचे सुरुवातीचे रंधेकार पुष्कळदा पिवळा बर्च. वरच्या कडा तासून केलेली उतरती पट्टी रुंद आणि सपाट असेल तर काम जुनं, अठराव्या शतकाच्या आधीच्या भागातलं.

अमेरिकेत ज्याची खात्रीची माहिती मिळते असा सर्वांत जुना रंधेकार मॅसॅच्युसेट्समधल्या रेन्थमचा फ्रान्सिस निकल्सन. त्याच्या मुलाच्या रंध्यांवर 'आय. निकल्सन' आहे. हा आयझॅक नव्हे, जॉन. 'जे'च्या जागी 'आय' कोरायची तेव्हा चालच होती. फ्रान्सिस निकल्सनकडे सीझर चेलर नावाचा एक गुलाम होता, तोही रंधे करायला शिकलेला. तो गुलाम असताना त्याच्या हातून उतरलेला एखादा रंधा आज समोर आला, तर त्यावर मालकाचा ठसा असणंच अधिक संभवतं, आणि अशा ठिकाणी गुडमनसारखी यादीही मुकी होते.

१७५३ला निकल्सन वारला. मृत्युपत्रानं त्यानं चेलरला मोकळं केलं. कामाचं बाक, पटाश्या, अवजारांचा संच, रंध्यांसाठी लाकूड आणि वापरायला १० एकर जमीन दिली. चेलर त्याच गावात राहिला आणि १७८४ला जाईपर्यंत स्वतःच्या नावानं रंधे करत राहिला. ते रंधे आज संग्राहक शोधत फिरतात. त्यांच्या पुढच्या टोकाला तीन ओळींचा ठसा आहे. पहिल्या ओळीत 'सीई. चेलर', आणि खाली, आपल्या खरेदीखतात लिहितात तसं, राहणार रेन्थम.