पाठीवरचें बिऱ्हाड आणि माथ्यावरचा सूर्य

घर म्हटलें कीं पाया, भिंती आणि उंबरठा या तीन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. आणि ज्यास उंबरठा नाहीं त्यास बेघर म्हणण्याची शहरांतील सुशिक्षितांस सवय जडलेली आहे. वस्तुतः महाराष्ट्रास फिरतें घर नवीन नाहीं. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दक्षिणेंत हिंडणारे लमाण, भाता व ऐरण गाडींत घालून गांवोगांव जाणारे घिसाडी, मेंढरांमागून चाऱ्याच्या शोधांत वर्षाचे आठ महिने चालणारे धनगर, या सर्वांनीं पिढ्यानपिढ्या असेच संसार केले. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण थट्टेनें योजितों. परंतु थोडक्या जागेंत संसार कसा बसवावा, हें या लोकांइतकें कोणासच कळलें नाहीं. तीच विद्या आतां मोटारीच्या चाकांवर चढून शहरवासीयांच्या दारीं आली आहे, आणि तिच्या जोडीस छपरावर सूर्यापासून वीज करणारी कांच आली आहे.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचें औरंगाबाद, हें शहर या नव्या छंदास फार सोयीचें आहे. वेरूळ सात-आठ कोसांवर, पैठण तेरा-चौदा कोसांवर, अजिंठा व लोणार एका दिवसाच्या प्रवासांत. शिवाय वाळूज येथें १९८५ सालीं बजाजचा कारखाना उभा राहिल्यापासून चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या बाजूंस पत्रा कापणारे, सांधणारे व रंगविणारे कुशल हात सहज मिळतात. राज्य सरकारनेंहि २०२१ सालीं अशा फिरत्या घरांतून पर्यटन करणाऱ्यांसाठीं धोरण जाहीर केलें. आणि निसर्गाच्या शक्तीवर वाटसरूंस जेवूं घालण्याचा प्रयोग तर या शहरांत कधींच झालेला आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की सर्वांनीं पाहिलेली असते. कित्येक मैल दूरच्या डोंगरांतील पाणी मातीच्या नळांनीं आणून, उंचावरून सोडून, त्याच्या जोरावर जातें फिरविलें जाई. आणि त्या पिठावर फकीर व यात्रेकरू जेवत. ज्या सत्पुरुषाचें नांवच मुसाफिर, त्याच्या अंगणांत ही योजना व्हावी, हा योगायोग मोठा गोड आहे.

पाण्याऐवजीं प्रकाशाकडून काम करून घेण्याची कल्पना त्यामानानें अलीकडची. प्रकाशानें विद्युत् उत्पन्न होते हें बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञास १८३९ सालीं दिसलें. परंतु कामास येईल असा सिलिकॉनचा घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं तयार झाला. त्या वेळीं पडलेल्या उन्हाचा सुमारें सोळावा हिस्सा विजेच्या रूपानें हातीं येई. आज बाजारांतील चांगलें पॅनेल पांचवा हिस्सा देतें. उरलेल्या चार हिश्शांची उष्णता होते, ही गोष्ट मराठवाड्यांत तरी विसरतां कामा नये. तिचा उल्लेख पुढें येईल.

समजा, सिडकोंत राहणाऱ्या एका पति-पत्नीनें नोकरीचा व्याप संपल्यावर एक मालवाहू व्हॅन घेऊन तिचें घर करावयाचें ठरविलें. बहुतेक लोक येथें पहिली चूक करितात. ते प्रथम दुकानांत जाऊन पॅनेलची किंमत विचारतात. पहिलें काम दुकानांत नसून कागद-पेन्सिलीचें आहे. प्रत्येक वस्तूस किती वॅट लागतात व ती किती तास चालावयाची, यांचा गुणाकार मांडावा. पांच वॅटचे चार दिवे चार तास, म्हणजे ऐंशी वॅट-तास. काटकसरी जातीचा अठ्ठावीस वॅटचा पंखा दहा तास, दोनशें ऐंशी. लहान शीतकपाट दिवसाकाठीं सुमारें पांचशें. पाण्याचा पंप, दोन फोन व एक लॅपटॉप मिळून आणखी दोनशें. एकूण एक हजार साठ. म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेंत एका युनिटाहून किंचित् अधिक. दोनशें वॅटचीं दोन पॅनेलें छपरावर ठेविलीं आणि या भागांतील चांगल्या दिवसाचें ऊन पांच तासांच्या भर उन्हाबरोबर धरलें, तर दोन हजार वॅट-तास मिळावयास पाहिजेत. पण तार, उष्णता, धूळ व बॅटरी आपापला कर वसूल करितात, आणि हातीं पंधराशें राहतात. एवढ्यांत वरील संसार सुखानें चालतो.

आतां या यादींत बाराशें वॅटची विजेची शेगडी घालून ती रोज तासभर चालविली, कीं सारा जमाखर्च कोसळतो. हवा थंड करणाऱ्या यंत्राचें तर नांवच काढूं नये; रात्रभराच्या गारव्यास पांच-सहा युनिट लागतील, आणि तितकीं पॅनेलें बसतील एवढें छप्पर त्या व्हॅनला नाहीं. विकणारा हें सांगत नाहीं, कारण त्याचें पोट पॅनेलांच्या संख्येवर भरतें.

उन्हाविषयीं एक मोठा गैरसमज आहे. मे महिन्यांत ऊन प्रखर म्हणून वीजहि सर्वांत अधिक, असें सर्वांस वाटतें. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास या शहरांत सूर्य भर दुपारीं बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहींशी होते, हें खरें; परंतु पॅनेलवरील वॅटचा आंकडा तें पंचवीस अंशांवर असतां मोजलेला असतो. वैशाखांत तेंच पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतें, आणि प्रत्येक अंशामागें त्याची शक्ति शेंकडा एक-तृतीयांश ते दोन-पंचमांशानें घटते. म्हणजे आठवा हिस्सा उन्हानेंच खाल्ला. यास्तव पॅनेल पत्र्यास चिकटवून न बसवितां चार बोटें उंच ठेवावें. खालून वारा खेळला पाहिजे. डिसेंबरांत याच्या उलट. हवा गार, पॅनेल समाधानी. पण दुपारचा सूर्य जेमतेम सत्तेचाळीस अंश वर चढतो, आणि छपरावर आडव्या पडलेल्या पॅनेलवर तो तिरका पडतो. दक्षिणेकडे तें उचलून टेकण देतां आलें तर चौथाई तोटा वांचतो. आणि श्रावणांत? तेव्हां निम्म्यावर समाधान मानावें, किंवा गाडी चालत असतां तिच्या स्वतःच्या जनित्राकडून बॅटरी भरून घ्यावी. तेवढ्यासाठीं निराळें उपकरण मिळतें.

सावलीचें कोडें याहून अवघड. वेरूळच्या वाटेवर भर दुपारीं गाडी थांबवावयाची तर माणूस वडाचें झाड शोधतो, आणि पॅनेल उघडें माळरान. पॅनेलांतील घट एका माळेंत ओंविलेले असतात. म्हणून एखाद्या फांदीची सावली दोन-चार घटांवर पडली तरी नुकसान त्या चार घटांपुरतें राहत नाहीं, माळेचा मोठा भाग आंखडतो. यावर उपाय सोपा आहे. एक पॅनेल छपरावर पक्कें ठेवावें व दुसरें सुटें, दहा मीटर तारेचें; गाडी सावलींत आणि तें उन्हांत.

आतां बॅटरी. ज्या पलंगावर मनुष्य निजतो त्याच्याच खालीं ती बहुधा ठेवितात. तेव्हां हा विषय केवळ हिशोबाचा नाहीं, जिवाचा आहे. जुन्या शिशाच्या बॅटरींतून भरतांना हायड्रोजन वायु सुटतो. बंद खोलींत तो सांचला व ठिणगी पडली तर स्फोट होतो. तिला बाहेर वायु जाण्याची नळी असलेली पेटी पाहिजेच. शिवाय तिच्या शक्तीचा निम्माच भाग वापरावा, नाहींतर ती लवकर मरते. लोह-फॉस्फेट जातीची लिथियम बॅटरी महाग, परंतु वजनानें निम्म्याहून हलकी, आणि तिचा शेंकडा ऐंशी भाग निर्धास्त वापरतां येतो. वरील दांपत्यास बारा व्होल्टची दोनशें अँपिअर-तासांची अशी एक पुरेल. मात्र कोणतीहि बॅटरी असो, तिच्या धन टोंकापासून वीतभर अंतरांत फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूज हा तारेचा रखवालदार आहे. तो दूर बसला तर मधल्या तारेस वाली कोण?

तारेची जाडी ही अशीच दुर्लक्षित बाब. घरांत दोनशें तीस व्होल्ट असतात, येथें बारा. म्हणून त्याच कामास जवळजवळ वीसपट प्रवाह लागतो. दहा अँपिअर प्रवाह पांच मीटरवर न्यावयाचा आणि अडीच चौरस मिलिमीटरची घरगुती तार वापरली, तर जातां-येतां सुमारें पाऊण व्होल्ट वाटेंतच जळतो. शेंकडा सहा वाया. सहा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हीच गळती अडीचांवर येते. घरोघर वीज जोडणारा कारागीर हुशार असला तरी त्याचा अंदाज दोनशें तीस व्होल्टांत घडलेला असतो, हें ध्यानांत ठेवून त्याच्याकडून काम घ्यावें.

हत्यारांविषयीं सुतारास जी शिकवण मिळालेली असते, तिच्यांतील निम्मी येथें निरुपयोगी ठरते. ओळंबा व पाणसळ हीं घर बांधणाराचीं दोन दैवतें; पण उतारावर उभी असलेली गाडी दोघांसहि खोटें पाडते. येथें गाडीची जमीन हीच सपाटी मानून गुण्यानें मोजावें. भिंती कोठेंच सरळ नसतात. म्हणून प्रथम जाड पुठ्ठा कापून, लावून, पुन्हां कापून त्याचा साचा करावा, आणि मगच प्लायवुडास करवत लावावी. पत्र्यास भोंकें पाडण्यास ड्रिल, कडा घासण्यास कानस, पोकळ रिव्हेट बसविण्याची पकड, तारांचीं टोंकें दाबण्याचें क्रिंपिंगचें हत्यार आणि मल्टिमीटर, एवढ्यावर पुष्कळ काम होतें. यांतील क्रिंपिंगच्या हत्यारांत काटकसर करूं नये. साध्या पकडीनें दाबलेलें टोंक शंभर कोस धक्के खाल्ल्यावर सैल होतें, सैल झालें कीं तापतें, आणि तापलें कीं पेटतें. त्याच कारणासाठीं खिळा वर्ज्य, आणि नट आपोआप न सुटणारा पाहिजे. पत्र्याचा कीस छपरावर तसाच राहिला तर पहिल्या पावसांत गंजाचे डाग उठतात. भोंक पाडतांच झाडून घेऊन कडेस प्रायमर लावावा.

कायदाहि पाहिला पाहिजे. मोटार वाहन कायद्याचें बावन्नावें कलम असें आहे कीं, नोंदणींत लिहिलेल्या व निर्मात्यानें ठरविलेल्या रचनेंत परवानगीवांचून फेरफार करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं हें पुन्हां स्पष्ट केलें. फिरत्या घरांसाठीं निराळें प्रमाण ठरलेलें आहे. तेव्हां आरटीओच्या कचेरींत आधीं जावें, सुतारापाशीं नंतर.

या मार्गानें मोठी मजल मारलेले एक गृहस्थ सर्वांच्या परिचयाचे आहेत. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी २०२० च्या नोव्हेंबरांत २०३० पर्यंत घरीं न परतण्याचा संकल्प करून एका बसमधून निघाले. त्या बसच्या छपरावर ३.२ किलोवॅटचीं पॅनेलें व पोटांत सहा युनिटांची बॅटरी होती. निजणें, स्वयंपाक, लेखन व सभा सारें तींतच. आपल्या दांपत्याच्या आठपट हा पसारा. पण प्राध्यापकांचा आग्रह पॅनेलें वाढवा असा नसून गरजा कमी करा असा आहे. मंगोलियांत तर सरकारनेंच हें काम हातीं घेतलें. २००० सालापासून बारा वर्षांत तेथील एक लाखाहून अधिक मेंढपाळ कुटुंबांच्या तंबूंस लहान पॅनेलें मिळालीं. तंबू उकलला कीं पॅनेलहि उंटावर.

आपल्याकडे मात्र ज्यांचें बिऱ्हाड खरोखर पाठीवर आहे, त्यांची गोष्ट निराळी आहे. दसरा-दिवाळी झाली कीं बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोंच्या जोड्या, ज्यांस मुकादमाच्या वहींत एक कोयता म्हणतात, बैलगाड्यांत व ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांत भांडींकुंडीं, शेळ्या व लेंकरें घालून कारखान्यांकडे निघतात. सिडकोंतील दांपत्याची व्हॅन आणि यांची ट्रॉली एकाच रस्त्यानें जातात. एकांस हौस नेते, दुसऱ्यांस उचल. फडाजवळ बांबू, चटई, पाचट व प्लास्टिक यांची कोपी उभारून ते पांच-सहा महिने राहतात. पाचटाच्या भिंतींत चिमणी कलंडली तर काय होतें, हें सांगावयास नको. आणि दिवा नसला तर अंधारांत सापावर पाय पडतो.

यांच्यासाठीं लागणारा हिशोब वर मांडलेलाच आहे. फक्त आंकडे लहान. तीन वॅटचा दिवा पांच तास, म्हणजे पंधरा वॅट-तास. पांच वॅटचें पॅनेल पांच तासांच्या उन्हांत पंचवीस देतें, तूट वजा जातां सतरा-अठरा उरतात. हातभर लांबीच्याहि आंत मावणारी ही वस्तु. आय. आय. टी. नें २०१४ च्या सुमारास शाळकरी मुलांसाठीं दहा लाख सौर दिव्यांची योजना काढली, तींत दिवे खेड्यांतील लोकांकडूनच जुळवून घेतले, दुरुस्तीहि तेथेंच व्हावी म्हणून. ही दृष्टि अगदीं योग्य होती. परंतु जें मूल आईबापांबरोबर फडावर जातें, त्याचा दिवा त्याच्याबरोबर जातो आणि दुरुस्त करणारा गांवीं राहतो. तेव्हां अशा दिव्याची दुरुस्ती कारखान्याच्या आवारांत, जेथें बैलांच्या पत्र्या ठोकल्या जातात त्याच्याच शेजारीं, व्हावयास पाहिजे. पॅनेल दिवसा ओस पडलेल्या कोपीवर राहतें, म्हणून तें बांबूस तारेनें पीळ देऊन बांधण्याजोगें असावें. आणि दिव्यास दोन बटणें असावींत: एक संध्याकाळच्या तीन तासांचें, आणि दुसरें, पहिल्यानें कितीहि जाळलें तरी दोन तास राखून ठेवणारें, कारण फडावर जाण्याआधीं भाकऱ्या थापण्यासाठीं कोपींतील बाई पहाटे तीनलाच उठलेली असते.