आठ रुपये आणि दोन आणे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गणित सुटले की विचारीत, "उत्तर आले, पण ताळा केलास का?" महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या पैशाचा ताळा कसा करावा, एवढ्यापुरतेच आज बोलण्याचे मी योजिले आहे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांच्या नोकरीस लागले आणि त्यांतले ८ रुपये गोपाळरावांच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. या काळातील एक प्रसंग चरित्रकार सांगतात. एका सधन मित्राने गोपाळरावांना नाटकास नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. ते त्यांनी निमूटपणे दिले आणि तूट भरून काढण्यासाठी घरातील दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास केला.

आता हिशेब पाहा. ८ रुपये म्हणजे १२८ आणे. दिवसाला चार आण्यांहून किंचित अधिक. दोन आणे गेले म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाचा खर्च गेला. रस्त्यावरील दिव्याचे कौतुक आपण पुष्कळ करतो. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की, आपली तूट त्यांनी भावाच्या ७ रुपयांवर ढकलली नाही.

हाच विद्यार्थी १९०२ च्या मार्चमध्ये वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलावयास उभा राहिला. सरकारी खजिन्यात शिल्लक दिसत होती. ती रयतेच्या सुबत्तेतून आलेली नसून जादा करांतून आलेली आहे, हे गोखल्यांनी आकडे देऊन दाखविले. मिठावरील कर कमी करा, ही मागणी त्यांनी पुढेही लावून धरली. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. जमेकडील रक्कम कोणाच्या तोंडच्या घासातून आली, हे पाहण्याची दृष्टी त्यांना घरातच लाभली असावी.

मला ती फार उशिरा लाभली. १९६८ साली मी लष्करात एका खोलीत राहून शिकत होतो. वडील सबळगडला, त्यांची मनीऑर्डर दरमहा येई. एकदा मित्रांच्या संगतीत हातातील पैसे उडविले आणि घरी लिहिले की, परीक्षेचे शुल्क वाढले आहे, २० रुपये अधिक पाठवा. पैसे आले. मी ते विसरूनही गेलो. वडील गेल्यावर त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या चाळताना तो महिना सापडला. 'चिरंजीवास परीक्षेसाठी जादा : २० रुपये.' त्याखाली त्याच अक्षरात, 'दूध बंद.' माझी धाकटी बहीण तेव्हा चार वर्षांची होती.

मित्रहो, ग्वाल्हेर आणि सबळगड यांमधील ती छोटी गाडी २०२० साली बंद पडली. मनीऑर्डरची जागा मोबाइलने घेतली. बोट लावताच पैसे येतात आणि बोट लावताच जातात. नोट मोडताना मनाला जो चटका बसे, तो आता बसत नाही. म्हणून लिहिणे अधिकच आवश्यक झाले आहे. रोज रात्री चार ओळी लिहा. महिन्याच्या पहिल्या तारखेस भाडे, खानावळ आणि शुल्क बाजूला काढा, मग पुस्तके, मग थोडीशी रक्कम अडीनडीसाठी. जे उरेल ते निःशंक मनाने खर्च करा. सिनेमा पाहू नका, असे मी म्हणणार नाही; तिकिटाचे पैसे कोणी द्यावयाचे, हे आधी ठरवा. पोटाला चिमटा घेऊन मात्र बचत करू नका. आजारपण खानावळीपेक्षा महाग पडते. शैक्षणिक कर्ज घेतले असेल, तर हप्ते शिक्षणानंतर सुरू होतात, पण व्याजाची आकारणी बहुधा आधीच सुरू झालेली असते, हे ध्यानात ठेवा.

आणि तूट आलीच, तर घरी खरे कारण लिहा. वडील रागावतील, पण कशात काटकसर करावयाची, हे त्यांना खरे जाणून ठरविता येईल. माझ्या वडिलांना ती संधी मी दिली नाही. गुरुजी विचारीत तो ताळा मी केला तेव्हा पन्नाशी उलटली होती, आणि ज्यांच्यापुढे वही धरावयाची ते राहिले नव्हते. आपणापुढे अजून वेळ आहे.