शिकलेला माणूस आणि हकचा बाप



मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’ १८८४ साली आली. कथा त्याआधीची, गुलामगिरी चालू असतानाच्या मिसूरीतली. हकच्या घराण्यात त्याच्याआधी कुणालाच वाचता येत नव्हतं. गोरा, दारुडा बाप पोराला शाळेत गेल्याबद्दल मारतो.

या बापाला एकदा ओहायोचा एक स्वतंत्र कृष्णवर्णीय प्राध्यापक दिसतो. पांढराशुभ्र सदरा, सोन्याचं घड्याळ. त्याला अनेक भाषा येतात आणि त्याच्या राज्यात तो मतही देऊ शकतो, हे कळल्यावर बाप भडकतो. यापुढे आपण मतच देणार नाही, म्हणतो.

बाप अडाणी आहे, हे खरंच. पण प्राध्यापक शिकलेला आहे हे त्याला कळलं होतं. राग त्याचाच आला. गोऱ्या कातडीशिवाय त्याच्याजवळ मिरवायला काही नव्हतं.

हकचं अज्ञान वेगळं. गुलामाला पळायला मदत करणं पाप, हे त्याला गावातल्या भल्या माणसांनीच शिकवलेलं. जिमचा ठावठिकाणा कळवणारी चिठ्ठी तो लिहितो. मग तराफ्यावरचे जिमबरोबरचे दिवस आठवतात. नरकात जायची तयारी ठेवून तो चिठ्ठी फाडतो.

आपण घरातले पहिले पदवीधर. आपली पदवी पाहून कुणी चिडलं, तर उणीव स्वतःत शोधू नका. आणि आपल्यालाही कुणाबद्दल असंच काही शिकवलं गेलंय का, तेही तपासा. हकला ते शाळेत नाही, जिमबरोबर राहून कळलं.