कानांचें वय

देगलूर हें तेलंगण आणि कर्नाटक यांच्या सीमेजवळचें गांव. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. मराठी अभंग, उर्दू कव्वाली आणि तेलुगु गीत या तिहींची येथील कानांस संवय आहे. तरी एकाच घरांत आजोबा व नातू सायंकाळीं एकत्र बसले कीं वाद ठरलेलाच. ‘हल्लीच्या गाण्यांत गाणें उरलेंच आहे कुठें?’ असें आजोबांनीं म्हणावें, आणि नातवानें कानांत यंत्र घालून हंसावें!

हा वाद नवा नाहीं. १९५२ सालीं बा. वि. केसकर नभोवाणीखात्याचे मंत्री झाले, तेव्हां चित्रपटगीतें हलकीं ठरून आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालीं. तरुण श्रोते सिलोन केंद्राकडे वळले. त्याच वर्षीं तेथें ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर १९५७ सालीं ‘विविध भारती’ निघाली. मौज अशी कीं, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं उथळ म्हटलेलीं तींच गीतें आज सुवर्णयुगाचीं म्हणून पूजिलीं जातात. गाणीं बदललीं नाहींत. ऐकणारे वृद्ध झाले.

याचें कारण काय? १९८९ सालीं होलब्रुक व शिंडलर या अमेरिकन संशोधकांनीं निरनिराळ्या काळांतील गाणीं लोकांस ऐकविलीं. श्रोत्याच्या सुमारें चोविसाव्या वर्षीं जीं गाणीं गाजत होतीं, तींच त्यास सर्वांत प्रिय ठरलीं. तारुण्यांत मैत्री, विवाह, वियोग हें सारें प्रथमच घडतें; त्या प्रसंगांस चिकटलेला सूर पुढें सुटत नाहीं. जुनें गीत ऐकतांना आजोबा केवळ चाल ऐकत नाहींत, गेलेलीं माणसें ऐकतात.

परंतु या वादांत घरांतील एक व्यक्ति कधींच बोलत नाहीं, ती आजी. तिच्या तरुणपणीं रेडिओ पुरुषांच्या बैठकींत असे. तिचें गाणें पहाटेच्या जात्यावर होतें. पिठाची गिरणी आली, जातें कोपऱ्यांत गेलें आणि ओवी मुकी झाली. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांनीं एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. तरी प्रत्येक घरची ओवी त्यांत कोठून येणार? चित्रपटगीत तबकडीवर राहील; आजीची ओवी मात्र आजीबरोबरच जाईल.

म्हणून नातवानें कानांतलें यंत्र क्षणभर काढावें आणि खिशांतलें यंत्र आजीपुढें धरून तिला गावयास सांगावें. आजोबांनींहि नातवाचें एक गाणें शेवटपर्यंत ऐकावें. चाळीस वर्षांनीं तेंहि कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी आणणार आहे.