मोटारीची उसळी आणि ती जिरवणारा स्क्रू



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही कळवले, ‘स्पोर्ट्स मोटारीचे शॉकॲब्झॉर्बर’. त्यावर एका चिटणिसांनी पुन्हा विचारणा केली की, विषयात काही घोटाळा तर झाला नाही ना? कामगार संघटनेचा माणूस म्हणजे किमान वेतन, बोनस, नाहीतर ग्रॅच्युइटी, अशी सर्वांची समजूत असते. परंतु आम्ही गेली तीस वर्षे ज्यांच्यात वावरतो ते ड्रायव्हर, क्लीनर आणि गॅरेजमधले मिस्त्री आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांची कंबर पन्नाशीच्या आतच कामातून जाते. ती का जाते हे समजून घ्यावयाचे तर मोटारीच्या पोटाखाली शिरावे लागते. आम्ही शाळा सातवीत सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयातून आणि गाडीखाली पोत्यावर पडून झाले. तेव्हा सूत्रे थोडी आणि तेलकटपणा जास्त, असे आजचे व्याख्यान होईल.

स्पोर्ट्स मोटारीपासून सुरुवात करण्याचे कारण असे की, उसळीचे शास्त्र तिच्यात सर्वांत उघडेपणाने दिसते. आणि दुसरे कारण तुमच्या दारातले आहे. पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाल्यापासून आपल्या भागातील तरुण मुलांना गाड्या खाली बसवण्याचा, त्यांना कडक स्प्रिंगा आणि स्क्रूचे शॉकॲब्झॉर्बर लावण्याचा नाद लागला आहे. आम्ही त्या नादाला हसणार नाही. यंत्राची आवड ही चांगली गोष्ट आहे. फक्त ज्याचा स्क्रू फिरवायचा त्याच्या आत काय चालते ते ठाऊक असावे, एवढेच आमचे म्हणणे.

चाक खड्ड्यावरून गेले की स्प्रिंग दबते. दबलेली स्प्रिंग धक्का खात नाही, तो साठवून ठेवते आणि लगेच परत देते. स्प्रिंग म्हणजे उधारीवर धक्का घेणारा दुकानदार. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर पाच-सात वेळा वरखाली होत राहील. ही उसळी जो जिरवतो तो शॉकॲब्झॉर्बर. गॅरेजच्या भाषेत शॉकअप. त्याचे इंग्रजी नावच मुळी फसवे आहे. धक्का घेते स्प्रिंग. हा घेतो ती उसळी. एका नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके आणि भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्या. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून दाटीवाटीने जावे लागते, त्यात ते तापते, आणि उसळीची सगळी शक्ती उष्णता होऊन हवेत जाते. लांब घाट उतरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून पाहा, चटका बसेल. तो चटका म्हणजे तुमच्या पाठीत न शिरलेली उसळी होय.

चाक वर येताना एक विरोध आणि खाली परतताना दुसरा, असे त्याचे दोन व्यवहार असतात. बहुतेक गाड्यांत परतीचा विरोध जास्त ठेवतात. स्क्रूचा शॉकअप म्हणजे ज्यात तेलाची वाट बाहेरून कमीजास्त करता येते तो. साध्या प्रकारात फक्त परतीचा विरोध बदलतो. महागड्या प्रकारात येण्याचा आणि जाण्याचा वेगवेगळा बदलता येतो. हॉलंडच्या कोनी कंपनीचे असे शॉकअप शर्यतीच्या मोटारींमुळे जगभर गाजले. पण स्क्रूची कल्पना त्याहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेलाचे शॉकअप रूढ होण्यापूर्वी, त्रुफो-हार्टफोर्ड पद्धतीचे शॉकअप असत. त्यात चकत्या एकमेकींवर घासत आणि मधला नट आवळला की घर्षण वाढे. म्हणजे ज्याला आजची मुले नवलाई समजतात ती मोटारीच्या बाल्यावस्थेतच होती, आणि पाना ड्रायव्हरच्या हातात होता. पुढे स्वस्ताईसाठी नळी बंद झाली, आणि त्यातला विरोध एकदाचा कारखान्यात ठरू लागला.

आपल्या देशात या विद्येची शाळा कोणती गाडी होती म्हणाल, तर फियाट. वालचंद हिराचंद हे १८८२ साली सोलापुरात जन्मलेले. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट अकराशे बनू लागली, तिचीच नंतर पद्मिनी झाली. (आमच्यासारख्यांना हा कारखाना आणखी एका कारणाने ठाऊक. औद्योगिक तंटा दिवाणी कोर्टात केव्हा नेता येतो आणि केव्हा नाही, याचा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली केलेला निवाडा याच कंपनीच्या नावाने ओळखला जातो. तो विषय आज नाही.) मुंबईकरांना पद्मिनी ही काळीपिवळी टॅक्सी म्हणून आठवते. तिचा शेवट २०२३ च्या ऑक्टोबरात झाला. परंतु तीच गाडी मद्रासेजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळत असे. अवघे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन. त्यातून मोठी ताकद निघणे कठीण. म्हणून वळणावर वेग न सोडणे हाच जिंकण्याचा मार्ग, आणि तो मार्ग स्प्रिंग आणि शॉकअपमधून जातो.

पद्मिनीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे पाटे. पाट्यांची एक गंमत अशी की, ते एकमेकांवर घासतात आणि थोडी उसळी स्वतःच जिरवतात. म्हणून मागचा शॉकअप मेला तरी मालकाला लवकर कळत नाही. आपल्याकडचे मिस्त्री गाडी कडक करायची तर एक पाटा वाढवत आणि शॉकअप उघडून त्यात जाड तेल भरत. आयातीवर बंधने असताना दुसरे करणार काय? १९६१ साली मुंबईत गॅब्रिएल इंडिया ही कंपनी निघाली आणि शॉकॲब्झॉर्बर देशात बनू लागले. पण ते रोजच्या गाडीचे, शर्यतीचे नव्हेत. जाड तेलाचा दोष हा की, ते दोन्ही दिशांना सारखेच अडवते आणि तापले की पातळ होते. पहिल्या फेरीत गाडी खांबासारखी, दहाव्या फेरीत होडीसारखी.

यातच सर्वांत महत्त्वाचे गणित आहे. नुसती स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला, तर गाडी अधिक उसळते. वजन तेच असता स्प्रिंग चौपट कडक केली तर शॉकअपचा विरोध दुप्पट करावा लागतो. वर्गमुळाचा हिशोब आहे. चौपट नाही, आणि तितकाच ठेवूनही चालत नाही. आमच्या पाहण्यातल्या खाली बसवलेल्या दहा गाड्यांपैकी आठ या हिशोबात चुकलेल्या असतात. बाजारात काही शॉकअप असेही आहेत की, स्क्रू फिरतो, टिकटिक आवाज होतो, आणि आत काहीच बदलत नाही. आम्ही एक करवतीने कापून पाहिला. स्क्रूच्या टोकाला नुसती गोळी आणि स्प्रिंग होती, आवाजापुरती.

आता स्क्रू लावावा कसा? आधी टायर, त्यातली हवा, आणि रबरी बुश ठीक करावे. झिजलेल्या बुशवर हजारोंचा शॉकअप लावणे म्हणजे मोडक्या बैलगाडीला चांदीची घंटा. मग चारही स्क्रू अगदी सैल करून सुरुवात करावी. एकच ओळखीचा रस्ता, एकच वेग. डावा-उजवा नेहमी सारखा. एकेक टप्पा आवळत जावे आणि वहीत लिहावे; आठवणीवर विसंबू नये, कारण कमरेला आठवण नसते. ज्या टप्प्यावर गाडी खड्ड्यानंतर एकदा वर येऊन स्थिर बसते, तिथे थांबावे. पुढचा जास्त आवळला तर वळण घेताना गाडीचे नाक बाहेर ओढते, मागचा जास्त आवळला तर शेपूट सुटू पाहते. शेपूट सुटणे धोक्याचे, म्हणून नवशिक्याने मागच्याला बेताने हात लावावा.

आणि फारच आवळला तर? इथे मुलांची सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे. त्यांना वाटते, जितका कडक तितकी गाडी रस्त्याला चिकटते. प्रत्यक्षात परतीचा विरोध अति झाला की, दबलेले चाक पुढचा खड्डा येईपर्यंत खाली पोहोचतच नाही. दुसरा खड्डा, तिसरा खड्डा. गाडी हळूहळू स्वतःच्या चाकांवर खाली बसत जाते आणि चाक रस्त्यावर अर्धवट टेकते. जे चाक टेकलेले नाही ते ना वळवते, ना थांबवते. ब्रेक दाबावा आणि गाडीने ऐकू नये, तेही महामार्गावर, समोर उसाची ट्रॉली असताना! गाडीत फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंधन घातले आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडकपणे वाचले आहे. ज्याला प्रयोग करावयाचा त्याने आधी कायदा पाहावा, आणि शर्यतीची गाडी शर्यतीच्या मैदानावर न्यावी.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय मागून घेतला तिकडे वळतो. स्पोर्ट्स मोटारीत माणसे दोन. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. तिचे वजन जवळजवळ बदलत नाही, आणि तिच्या शॉकअपला मात्र स्क्रू! मालट्रक घ्या. सोलापुराहून रिकामा निघतो तेव्हा एक वजन, भरून परततो तेव्हा दुप्पट-तिप्पट. आम्ही आत्ता सांगितले की, वजन, स्प्रिंग आणि विरोध यांचा मेळ बसला पाहिजे. मग ज्या वाहनाचे वजन सर्वांत जास्त बदलते, त्यालाच स्क्रूची गरज सर्वांत जास्त नाही काय? पण त्याचे पाटे भरल्या वजनासाठी बनवलेले आणि शॉकअप बंद नळीचा. उसाच्या ट्रॉलीला तर शॉकअपच नाही.

याचा परिणाम मोजता येतो. चांगली मोटार सेकंदाला एक ते दीड वेळा डुलते; शर्यतीच्या वळणाची, दोनच्या आसपास. बसलेल्या माणसाचा कणा आणि पोट सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांना सर्वांत नाजूक असते. या विषयावरचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २६३१, हेच धरून चालते. कडक पाट्यांचा ट्रक दोन ते चारच्या दरम्यान हलतो, आणि रिकामा असला की वजन कमी झाल्यामुळे अधिक भरभर. म्हणजे नेमका कण्याच्या दिशेने. आमचे ड्रायव्हर वर्षानुवर्षे सांगतात, ‘साहेब, भरलेली गाडी बरी, रिकामी गाडी मारते.’ पुस्तक वाचण्यापूर्वी आम्हांला ते मालकाविरुद्धचे गाऱ्हाणे वाटे. ते शुद्ध यंत्रशास्त्र आहे.

उपाय नाहीत असे नाही. शिवनेरीच्या व्होल्वो बसला हवेच्या पिशव्या आहेत. उतारू वाढले की झडप आपोआप हवा वाढवते आणि गाडीची डुल जवळपास तीच राहते. म्हणजे उसळीचा बंदोबस्त तिकिटाच्या दराप्रमाणे होतो. संपूर्ण ट्रकला हवेची पिशवी महाग पडेल हे आम्ही मान्य करतो; वाटाघाटीत बसणाऱ्या माणसाने समोरच्याचा हिशोबही केला पाहिजे. पण ड्रायव्हरची एकट्याची बैठक? तिच्याखाली एक छोटी स्प्रिंग, एक शॉकअप, आणि आपल्या वजनाप्रमाणे फिरवायची एक मूठ. अशा बैठका जगात पुष्कळ वापरात आहेत. साठ किलोचा पोऱ्या आणि नव्वद किलोचा उस्ताद एकाच गाडीवर आळीपाळीने बसतात. दोघांना एकच बैठक कशी पुरेल?

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले. ते किती पाळले जातात हे तुम्हांला महामार्गावरच्या कोणत्याही ढाब्यावर कळेल. २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांच्या केबिनीत थंड हवेचे यंत्र आवश्यक ठरले आहे. हे चांगले झाले, आम्ही त्याचे स्वागत केले. आता आम्ही ही मूठ मागतो आहोत. मालक विचारतात, ‘ड्रायव्हरला ती फिरवता येईल का?’ जो माणूस गिअरच्या आवाजावरून उतार ओळखतो त्याला पाच आकड्यांची मूठ फिरवता येणार नाही, असे विचारणाऱ्याने एकदा सोलापूर ते पुणे रिकाम्या ट्रकने प्रवास करावा.

एक काम मात्र तुम्हांला आजच करता येईल. आपल्या गाडीच्या प्रत्येक कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन ती दाबा आणि सोडा. ती वर येऊन बसली तर शॉकअप जिवंत आहे. दोन-तीनदा डुलली, किंवा नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर तो गेला आहे; आणि बदलताना एकटा बदलू नका, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, जोडीने बदला. आम्ही कापलेला तो शॉकअप इथे टेबलावर ठेवला आहे. ज्यांना आतल्या चकत्या पाहावयाच्या असतील त्यांनी पुढे यावे. मुलांना आधी येऊ द्या. खाली वर्तमानपत्र आहे तरी कपडे सांभाळा. तेल अजून थोडे पाझरते आहे.