आतून आणि बाहेरून



1960च्या दशकात आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे इस्राएलात स्थायिक होत होती, तेव्हा येथील रस्त्यांवर ‘सुसिता’ मोटार धावत होती. हैफाच्या ऑटोकार्स कंपनीने ती बांधली. तिचे वरचे अंग फायबरग्लासचे. म्हणून उंट ती चघळून खातात, अशी दंतकथाही पसरली. असल्या जुन्या मोटारी हौसेने पुन्हा उभ्या करणाऱ्या तरुणांसाठी आज दोन शब्द बोलते.

फायबरग्लासला गंज चढत नाही. परंतु त्याखालचा चॅसिस पोलादाचा आहे. खाऱ्या, दमट हवेत तो पोखरला जातो, आणि वरचे कवच मात्र रंग देताच नव्यासारखे झळकते. गंजाच्या भोकात पुट्टी भरून वर काळा रंग फासला, तर घेणाऱ्याच्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण इंजिनाचा आणि आत बसलेल्या कुटुंबाचा भार पुट्टी पेलत नाही.

परिचारिका म्हणून मी आयुष्यभर जखमा बांधल्या. मृत मांस न काढता वर स्वच्छ पट्टी बांधली, तर जखम आत चिघळतच जाते. पत्राकामाचा न्यायही हाच. जाणता कारागीर हातोडीने ठोकून पाहतो: निकोप पोलाद खणखणते, कुजलेले बद्द वाजते. मग चकाकते पोलाद लागेपर्यंत तो ते कापून काढतो. पुठ्ठ्याचा नमुना करून त्याच जाडीचा नवा पत्रा बेततो. वेल्डिंगचे टाके सलग न घालता दूरदूर घालतो आणि मधे पत्रा निवू देतो. नाहीतर उष्णतेने तो वाकतो. शेवटी पोकळ भागांच्या आतही गंजरोधक मेण फवारतो. यातले बहुतेक श्रम पुढे कुणालाच दिसत नाहीत.

बसालेलाने कराराचा कोश बाभळीच्या लाकडाचा केला आणि तो शुद्ध सोन्याने आतून व बाहेरून मढवला. आतले सोने कोण पाहणार होते? ताल्मूदाच्या योमा ग्रंथात राबा यावरूनच शिकवितात की, ज्याचे अंतरंग बहिरंगासारखे नाही, तो विद्वान नव्हे. मी म्हणते, तो कारागीरही नव्हे.

तरुणांनो, मोटार घेताना आधी वाकून तिच्या खाली पाहा. विकताना खालचे जसे आहे तसे सांगा. आणि टाका घालताना स्मरण ठेवा की, त्या चॅसिसच्या भरवशावर कुणाची तरी लेकरे प्रवास करणार आहेत.

परमेश्वर तुमच्या हातांना यश देवो.